संगीतकाराचे तीन संसार



संगीतकाराचे दिवस कसे जातात, हा आजचा विषय. कल्याणकरांना प्रवासाचे कष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. गाडीचा डबा आपल्या अंगवळणी पडलेला आहे, आणि पुण्याची व नाशिकची वाट आपल्याच जंक्शनापाशी फुटते. सुधीर फडके १९५५-५६ साली राहत मुंबईस, आणि आठवड्यामागून आठवडा त्यांचे एक मोठे काम मात्र पुण्यास चाले.

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसृत झाले. कल्पना केंद्रावरील सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाली फडक्यांच्या. आठवड्याला एक गीत, वर्षाची बावन्न, असे ठरले होते. त्या वर्षी अधिक मास आला आणि बावन्नांची छप्पन्न झाली. पंचांगाने संगीतकाराचे काम वाढवल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

चित्रपटाच्या गाण्याची तारीख पुढे ढकलता येते. निर्माता रागावतो, पण थांबतो. आकाशवाणीची वेळ थांबत नाही. कवीकडून गीत हाती यायचे, त्याला चाल लावायची, वादकांना सांगायची, आणि मग ज्याच्या वाट्याला ते गीत आले त्याच्या गळ्यात ती बसवायची. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, लता मंगेशकर, सगळ्यांचे गळे निराळे! पहिल्याच गीताचा कागद फडक्यांकडून हरवला, दोघांत वाजले, शेवटी लाडांनी माडगूळकरांना खोलीत कोंडले आणि पाव तासात गीत पुन्हा लिहून झाले, असे सांगतात. लोक ही गोष्ट गमतीने सांगतात. आम्हांला तीत गंमत कमी आणि ओढाताण अधिक दिसते.

हा एक संसार. दुसरा चित्रपटाचा. ‘लाखाची गोष्ट’ १९५२ ची, ‘जगाच्या पाठीवर’ १९६० चा, हिंदीतील ‘भाभी की चूडियाँ’ १९६१ चा. मधल्या १९५४ साली हाच गृहस्थ दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामातही होता. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

तिसरा संसार मैफलीचा, आणि तोच सर्वांत खर्चाचा. ‘गीतरामायणा’चे सुमारे अठराशे कार्यक्रम फडक्यांनी केले, असे म्हणतात. जाणे, गाणे आणि परतणे यांस दोनच दिवस धरले, तरी छत्तीसशे दिवस होतात. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे! एवढ्या काळात किती नव्या चाली झाल्या असत्या, असा प्रश्न मनात येतोच. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ साली जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि पुढे ध्वनिमुद्रणालाच वाहून घेतले. फडक्यांनीही तसे करावयास हवे होते काय?

आम्हांस तसे वाटत नाही. आकाशवाणीवर राम, सीता, कैकेयी यांचे गळे वेगवेगळे होते. मैफलीत पेटीवर एकटा माणूस बसे आणि सर्वांचे बोल त्यालाच बोलावे लागत. आवाज बदलून नाटक करण्याची सोय नव्हती. भेद दाखवायचा तो शब्दाच्या उच्चाराने, विरामाने, एखाद्या अक्षरावर किंचित थांबून. त्यांच्या ज्या स्पष्ट उच्चारांची आपण वाखाणणी करतो, त्यांना खरी धार या रात्रींनी आणली, असे आमचे मत आहे. स्टुडिओत चूक पुसता येते. समोर माणसे बसली असता ती पुसता येत नाही.

आज ध्वनिमुद्रण घरातल्या खोलीत होते आणि चाल क्षणात परदेशी पोहोचते. तरी दौरे कमी झालेले नाहीत. उलट तबकड्यांचा पैसा आटल्यापासून मैफलीवरच भिस्त वाढली आहे. तेव्हा ही ओढाताण फडक्यांबरोबर संपली, असे कोणी समजू नये. त्यांनी स्वतः उतारवयात आणखी एक ओझे घेतले: लोकवर्गणीतून सावरकरांवरील चित्रपट. तो २००१ साली पडद्यावर आला, आणि पुढच्याच वर्षी, २९ जुलै २००२ रोजी, ते गेले.

जाता जाता आपल्यासारख्या गावोगावच्या चिटणिसांना एक विनंती. कलावंतास नऊला बोलावावे, साडेनऊपर्यंत सतरंज्या घालाव्यात, दहापर्यंत सत्कार करावेत, आणि मग त्याला शेवटची गाडी गाठायची आहे हे ऐकून आपण नाराज व्हावे, हे बरे नव्हे. हारतुरे मध्यंतरात उरकता येतात.