पगार किती आणि हाती किती?

मुलाला नोकरी लागली की घरात पेढे वाटले जातात आणि पाठोपाठ हिशेब सुरू होतात. असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. घर बेळगावचे, मुलगा पुण्यातील एका खाजगी कंपनीत अभियंता म्हणून लागलेला. नेमणुकीच्या पत्रात वार्षिक आकडा आहे 15,00,000 रुपये. वडिलांनी त्याला बाराने भागले आणि दरमहा 1,25,000 रुपये ही रक्कम मनात पक्की केली. पुण्यात सदनिका घ्यावयाची, तिचा हप्ता 60,000. धाकटीच्या शिक्षणाला 20,000. तरीही मुलाजवळ 45,000 रुपये उरतात. भागाकार चोख होता. चुकला होता तो पहिलाच आकडा.

महिनाअखेर मुलाच्या खात्यावर जमा झाले सुमारे 1,00,300 रुपये. "अरे, बाकीचे पंचवीस हजार गेले कुठे?" वडिलांचा हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर "करात गेले" एवढेच देऊन लोक मोकळे होतात. ते उत्तर पुरते खरे नाही.

पत्रातील आकडा हा पगार नव्हे; त्या माणसापायी कंपनीला वर्षात येणारा तो एकूण खर्च होय. या मुलाचे मूळ वेतन वर्षाला 7,50,000 रुपये आहे. त्याच्या 12 टक्के, म्हणजे 90,000 रुपये, कंपनी आपला हिस्सा म्हणून भविष्य निर्वाह निधीत भरते. ग्रॅच्युइटीसाठी आणखी सुमारे 36,000 रुपये बाजूला ठेवते. हे 1,26,000 रुपये दरमहाच्या पगारात येत नाहीत. ते वजा जाता उरतात 13,74,000 रुपये, आणि हिशेबाचा खरा आरंभ येथून करावयाचा.

आता प्राप्तिकर. 2025-26 या आर्थिक वर्षाच्या नव्या कर प्रणालीत नोकरदारास 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. ती जाता करपात्र उत्पन्न 12,99,000 रुपये. या रकमेवर एकाच दराने कर बसत नाही. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे तो चढत जातो. पहिल्या 4 लाखांवर कर नाही. 4 ते 8 लाखांच्या पायरीवर 5 टक्के, म्हणजे 20,000 रुपये. 8 ते 12 लाखांवर 10 टक्के, म्हणजे 40,000. उरलेल्या 99,000 रुपयांवर 15 टक्के, म्हणजे 14,850. बेरीज 74,850 रुपये. तीवर 4 टक्के उपकर 2,994. एकूण कर 77,844 रुपये, महिन्याला सुमारे 6,487. तो कंपनीच पगारातून कापून सरकारात भरते.

याखेरीज निधीतील मुलाचा स्वतःचा हिस्सा 90,000 रुपये, आणि व्यवसाय कर 2,500. राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदाने व्यवसाय करावर वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात तो अशा पगारावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 असा कापला जातो. गोव्यात हा कर नाही. सर्व वजा जाता वर्षाला हाती येतात 12,03,656 रुपये.

म्हणजे गेलेल्या पंचवीस हजारांपैकी करांचे जेमतेम 6,700 आहेत. निधीत दोन्ही हिस्से मिळून महिन्याला 15,000 रुपये जमा होत आहेत. ते मुलाचेच आहेत, फक्त आज खर्चावयास मिळणारे नाहीत. ग्रॅच्युइटी नियमांप्रमाणे नोकरी सुटताना मिळावयाची. वडिलांचे समाधान व्हावे अशी ही गोष्ट आहे. परंतु बँकेचा हप्ता समाधानाने फिटत नाही.

"घरासाठी कर्ज काढले की करात सूट मिळते", असे वडिलांना कोणी सांगितले होते. ते जुन्या प्रणालीत खरे. पण तेथील दर चढे आहेत. या मुलाने जुनी प्रणाली निवडली, 50,000 ची प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, बचतीची 1,50,000 ची पूर्ण वजावट आणि राहत्या घराच्या कर्जावरील 2,00,000 रुपये व्याज हे सारे धरले, तरी कर 1,11,072 रुपये होतो; नव्या प्रणालीपेक्षा 33,228 रुपयांनी अधिक. घरभाडे भत्त्याची सूट मोठी असेल त्याचे गणित निराळे येऊ शकेल. म्हणून दोन्ही हिशेब कागदावर मांडून मगच निवड करावी.

गोव्यातील कुटुंबांनी आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पतिपत्नींची मिळकत सामाईक मानली जाते. त्यामुळे 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या 5अ कलमाने भाडे, व्याज अशा उत्पन्नाची दोघांत निम्मी निम्मी वाटणी केली. पगार मात्र त्यातून वगळला. ज्याने मिळविला, त्याच्याच उत्पन्नात तो धरावयाचा.

वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलणाराने तर विशेष जपावे. नव्या कंपनीस आधीचा पगार कळविला नाही, तर वजावट आणि पहिल्या पायऱ्यांची सवलत दोन्हीकडे धरली जाते. महिन्याचा पगार तेवढा फुगलेला दिसतो आणि वर्षअखेर कमी कापलेला कर एकरकमी भरावा लागतो.

बेळगावच्या त्या घरात नव्याने मांडणी झाली. 60,000 चा हप्ता आणि धाकटीचे 20,000 गेल्यावर मुलाजवळ 20,300 रुपये उरत होते, आणि सदनिकेचा ताबा मिळेपर्यंत खोलीचे भाडे, जेवण व प्रवास त्यातच भागवावयाचा होता. पहिल्याच आजारपणात तो डोलारा कोसळला असता. वडिलांनी सदनिकेचा बेत मोडला नाही. लहान सदनिका पाहिली व हप्ता 40,000 वर आणला. धाकटीच्या 20,000 ना हात लावला नाही.

नेमणुकीचे पत्र अवश्य देवापुढे ठेवावे. कर्जाच्या कागदावर सही करताना मात्र समोर पगाराची पावती असावी.