गाडी माझी, नंबर शहराचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुण्यात वाढलेल्या माणसाने दुचाकीवर बोलावे यात नवल काही नाही. आमच्याकडे मूल नीट चालायला लागायच्या आधी स्कूटरवर वडिलांच्या पुढे उभे राहायला शिकते. कॉलेजात गेलेल्या मुलाला 'कुठली शाखा घेतलीस' या प्रश्नाच्या पाठोपाठ 'कुठली गाडी घेतलीस' हा प्रश्न येतो. दुचाकी हा आपल्याला जवळजवळ जन्मसिद्ध हक्क वाटतो. आज मी सांगणार आहे ते अशा देशाबद्दल, की जिथे हा हक्क शहर देते आणि शहरच काढूनही घेते.

२००९ साली नोकरीनिमित्त मी शांघायला गेलो आणि २०१७ पर्यंत तिथे राहिलो. घर होते शहराच्या वायव्येला, जियाडिंग जिल्ह्यात. मोटारींच्या कारखान्यांचा हा भाग. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली. रस्त्यावर सायकली होत्या, विजेवरच्या सायकली तर मुंग्यांसारख्या होत्या, मोटारी होत्या. पण शहराच्या मध्यभागी मोटारसायकल शोधूनही सापडेना.

हे आश्चर्य अशासाठी, की मोटारसायकली बनवण्यात चीन कित्येक वर्षे जगात पहिला होता. चोंगचिंग शहरातल्या शस्त्रास्त्रांच्या एका जुन्या कारखान्याने १९७९ साली 'जियालिंग' नावाची ५० सीसीची छोटी गाडी काढली आणि तिथून हा उद्योग फोफावला. त्याच्याही आधी, १९५७ साली, 'चांग जियांग' ही बाजूला डबा जोडलेली तीनचाकी मोटारसायकल तयार झाली होती. मूळ जर्मन बीएमडब्ल्यूचे, त्यावरून रशियनांनी केलेली नक्कल, आणि त्या नकलेवरून चिनी गाडी, अशी तिची वंशावळ. ती सैन्यासाठी होती. पुढे ती परदेशी हौशी मंडळींची लाडकी झाली. बीजिंगला आलेला युरोपियन माणूस आधी चिनी भाषा शिकतो की आधी चांग जियांग घेतो, असा विनोदच होता.

मग शहरांतून मोटारसायकली गेल्या कुठे? त्याला चिनी भाषेत दोन अक्षरी शब्द आहे, 'जिन-मो'. म्हणजे मोटारसायकल-बंदी. बीजिंगने १९८०च्या दशकाच्या मध्यापासून नवे नंबर देण्यावर बंधने घातली. पुढे तिथे दोन प्रकारचे नंबर झाले, 'जिंग-ए' आणि 'जिंग-बी'. बी नंबरच्या गाडीला चौथ्या वर्तुळाकार रस्त्याच्या आत मज्जाव. ए नंबरची संख्या ठरलेली, म्हणून त्याचा भाव चढलेला. दक्षिणेतल्या ग्वांगजौने तर १ जानेवारी २००७ पासून शहरात मोटारसायकल पूर्णच बंद केली. कारणे सांगितली गेली ती अपघात, धूर, आणि धावत्या गाडीवरून पर्स नि सोनसाखळ्या हिसकावणाऱ्यांचा उच्छाद.

ही कारणे खोटी नव्हती. पण बंदीचा भार कुणावर पडला, हेही पाहायला हवे. ग्वांगजौत मोटारसायकल हे गावाकडून आलेल्या मजुराचे वाहन होते. बसच्या थांब्यापासून घरापर्यंत मागे माणूस बसवून नेणारे 'मो-दी' चालक, म्हणजे दुचाकीचे टॅक्सीवाले, त्यावर पोट भरत. याच ग्वांगडोंग प्रांतातून चिनी नववर्षाच्या सुट्टीत लाखो कामगार आगगाडीची तिकिटे मिळत नाहीत म्हणून बायकामुलांना मागे बसवून, अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून, शेकडो किलोमीटर थंडीपावसात शेजारच्या ग्वांगशी प्रांतातल्या गावी जात. वाटेवर पोलीस त्यांना गरम पाणी नि आल्याचा काढा देत. २०१४ साली त्या बाजूला वेगवान रेल्वे सुरू झाल्यावर ही दुचाक्यांची फौज हळूहळू ओसरली. ज्या वाहनावर माणसे सणाला घरी जात, त्या वाहनाला ते राबत होते त्या शहरात जागा नव्हती.

आता माझी गोष्ट. शांघायमध्ये मोटारसायकलच्या नंबरप्लेटची दोन कुळे. 'हू' हे शांघायचे लघुनाम. 'हू-ए' नंबर असला की शहरात फिरा. 'हू-सी' असला की बाह्य वर्तुळाकार रस्त्याच्या आत पाऊल टाकायचे नाही. हू-ए मोजकेच, त्यामुळे नंबरप्लेटची किंमत गाडीच्या कित्येक पट. मी राहत होतो वर्तुळाबाहेर, माझी नोकरीही बाहेर. मला हू-सी पुरेसा होता.

त्याआधी परवाना. आपल्याकडून काढून नेलेला आंतरराष्ट्रीय परवाना चीनच्या मुख्य भूमीवर चालत नाही. तिथलाच काढावा लागतो. भारतीय परवाना असेल तर रस्त्यावरची चाचणी नसते, फक्त लेखी परीक्षा. शंभरपैकी नव्वद गुण हवेत. पण आपल्या परवान्याचे मान्यताप्राप्त ठिकाणाहून भाषांतर करून घ्यावे लागते, आणि तिथेच पुष्कळजण अडतात. आपल्या परवान्यावर गिअरच्या दुचाकीसाठी इंग्रजी आद्याक्षरे असतात. त्यांचा अर्थ भाषांतरकाराने स्पष्ट लिहिला नाही, तर तुम्हाला फक्त मोटारीचा परवाना मिळतो. मी भाषांतरकाराच्या टेबलासमोर बसून तो शब्द लिहून घेतला.

परीक्षा इंग्रजीत देता येई. प्रश्नांचे इंग्रजी मात्र वेगळेच. अपघातात कुणाचे पोट फाटून आतडे बाहेर आले तर काय कराल, असा एक प्रश्न होता. बरोबर उत्तर असे, की आतडे आत ढकलू नये, त्यावर वाडगा पालथा घालून पट्ट्याने बांधावे. आमच्या हापिसात हे उत्तर कितीतरी दिवस जेवणाच्या सुट्टीत गाजत होते.

गाडी घेतली देशी बनावटीची, १२५ सीसीची. त्यावर दहा टक्के खरेदी कर, सक्तीचा विमा, पासपोर्ट, आणि पोलीस ठाण्यात केलेली राहत्या जागेची नोंद. नोंदणीच्या ठिकाणी साहेबाने चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तेव्हा मला एकदम आपल्या आरटीओची आठवण झाली. पेन्सिल घासायची रीतसुद्धा तीच! पिवळी नंबरप्लेट हातात आली, तेव्हा तीन आठवडे गेले होते.

याला सोपा मार्गही होता, आणि तो मला पहिल्याच दिवशी सुचवण्यात आला. परदेशी लोकांच्या बैठकीत कुणीतरी मायदेशी परतत असे. त्याची गाडी निम्म्या किमतीत मिळे. कागद? कागद नाहीत. नंबरप्लेट दुसऱ्याच कुठल्या गाडीची. 'पोलीस परदेशी माणसाला अडवत नाहीत. अडवले तर चिनी येत नाही असे सांगायचे,' हा सल्ला वर फुकट. त्या काळात असे फिरणारे पुष्कळ होते. हसतखेळत फिरत, आणि वर्षानुवर्षे काही होतही नसे.

चालवण्यातला आनंद मात्र खरा. उजव्या बाजूने चालवायची सवय व्हायला पंधरा दिवस लागले. त्यातही डावीकडे वळताना डोके आधी भारतात जाऊन मग चीनमध्ये येई. पेट्रोलपंपाची तऱ्हा आणखी निराळी. पंपापासून दूर गाडी बंद करायची, लांब तोटीची पत्र्याची किटली घेऊन जायचे, तिच्यात पेट्रोल घ्यायचे आणि आपल्या हाताने टाकीत ओतायचे. बागेत झाडांना पाणी घातल्यासारखे.

गाडीची दुरुस्ती करणाऱ्याला तिथे 'शिफू' म्हणतात. शिफू म्हणजे गुरू, कसबी माणूस. आपल्याकडच्या 'उस्ताद'सारखा शब्द. आमचा शिफू कालव्याकाठी एका टपरीत बसे. मोटारसायकलींवर आता त्याचे पोट भरत नव्हते, दिवसभर तो विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्या बदले. माझी गाडी आली की चहाचा डबा बाजूला सारून उठे, इंजिनला कान लावे आणि न विचारता व्हॉल्व्ह जुळवून देई. मला म्हणायचा, "या बॅटरीवाल्यांना आवाजच नाही. दुखतं कुठं हे कळायचं कसं?"

रविवारी मी चिंगपू जिल्ह्यात जाई. कालव्यांवरचे कमानदार दगडी पूल, भातशेती, बदकांचे थवे. तिथून राष्ट्रीय महामार्ग ३१८ जातो. शांघायच्या पीपल्स स्क्वेअरपासून निघून तो ल्हासावरून नेपाळच्या सीमेपर्यंत जातो, साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. माझ्या नंबरला त्याची सुरुवात बंद, कारण ती वर्तुळाच्या आत. शेवटही बंद, कारण परदेशी माणसाला तिबेटसाठी वेगळा परवाना लागतो. मधला जो तुकडा वाट्याला आला, त्यावर मी आठ वर्षे सुखाने फिरलो.

पण रस्त्यावर एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागे. चिनी कायद्याने मोटारसायकल हे मोटारवाहन आहे, आणि नियमात बसणारी विजेची सायकल हे मोटारवाहन नाही. दोघांची धडक झाली तर भार मुळात मोटारवाहनावर येतो. सायकलवाल्याची चूक सिद्ध झाली तर तो कमी होतो. तुमची काहीच चूक नसली तरी दहा टक्क्यांपर्यंत भरपाई तुमच्याकडे येऊ शकते. विजेची सायकल आवाज न करता, दिवा न लावता, उलट्या दिशेनेसुद्धा येते. म्हणून विमा हा तिथे नुसता कागद नव्हे. तुमच्यामुळे ज्याला लागेल, त्याच्या औषधपाण्याची ती सोय आहे.

हे मला पुस्तकातून कळले नाही. २०१२च्या पावसाळ्यात आमच्या ओळखीतला एक परदेशी तरुण, दुसऱ्याच गाडीची नंबरप्लेट लावलेल्या मोटारसायकलवरून जाताना, एका बाईच्या विजेच्या सायकलला धडकला. बाई आन्हुई प्रांतातून आलेली, इमारतींत साफसफाई करणारी. मांडीचे हाड मोडले. त्या तरुणाजवळ परवाना नव्हता, गाडीचा विमा असणे शक्यच नव्हते. विनापरवाना चालवणे आणि दुसऱ्याची नंबरप्लेट लावणे, दोन्हींसाठी कायद्यात दंड आहे, आणि विनापरवाना चालवण्यासाठी पंधरा दिवसांपर्यंत कोठडीही आहे. त्याला कोठडी झाली, नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा गेला, आणि तो मायदेशी परतला. त्याच्या दृष्टीने प्रकरण संपले.

बाईचे संपले नव्हते. रुग्णालयात आधी अनामत भरावी लागते. आम्ही काहीजणांनी वर्गणी काढली आणि ती द्यायला मी एका चिनी सहकाऱ्याबरोबर गेलो. तिचा नवरा वॉर्डच्या बाहेर बाकावर बसला होता. पैसे त्याने दोन्ही हातांनी घेतले, मोजले नाहीत. मग त्याने सहकाऱ्याला एवढेच विचारले, "त्याच्याकडे कागद नव्हते, तर मग त्याच्याकडे गाडी कशी होती?"

सहकाऱ्याने मला भाषांतर करून सांगितले आणि तो माझ्याकडे पाहू लागला. उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. सगळे चालवतात म्हणून त्याच्याकडे गाडी होती. त्यानंतर ज्यांच्या गाड्यांना कागद नव्हते, त्यांतल्या दोघांनी गाड्या विकल्या. बाकीचे चालवत राहिले.

मी परतल्यानंतर बरेच बदलले. डिसेंबर २०१७ मध्ये शीआनने मोटारसायकलवरची बंधने प्रायोगिक पातळीवर उठवली, तेव्हा दुचाकीवाल्यांनी देशभर त्याचे कौतुक केले. विजेच्या सायकलींसाठी एप्रिल २०१९ पासून नवे मानक आले. त्यात ताशी २५ किलोमीटर ही वेगाची मर्यादा होती आणि ५५ किलो ही वजनाची. २०२० साली पोलिसांनी हेल्मेटची मोहीम काढली, तर हेल्मेटचे भाव भडकले. आमच्या पुणेकरांनी हेल्मेटला जेवढा विरोध केला, तेवढ्यात तिथे सगळा माल खपलासुद्धा! मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचा शौक शहरी तरुणांत वाढला. एकेकाळचे मजुराचे वाहन असे हळूहळू हौसेचे झाले, आणि मजूर विजेच्या सायकलीवर गेला.

महाराष्ट्रातून चीनमध्ये जाणारे, विशेषतः वैद्यकीय शिक्षणाला गेलेले विद्यार्थी मला अनेकदा विचारतात, 'तिथे गाडी घ्यावी का?' मी म्हणतो, जरूर घ्या. पण शहर आधी पाहा. कुठे पूर्ण बंदी असते, कुठे अर्धी, कुठे काहीच नसते. गाडी पसंत करण्यापूर्वी तिला नंबर मिळेल का ते विचारा. परवाना तुमच्या नावाचा, नंबर त्याच गाडीचा आणि विमा चालू, या तीन गोष्टी नसतील तर बसने जा. बस चांगल्या आहेत, आणि स्वस्तही.

हे सांगितले की मुले हसून म्हणतात, 'काका, परदेशी माणसाला तिथे कुणी अडवत नाही.' त्यावर मी त्यांना पोलिसांचे भय घालत नाही. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या माणसाचा प्रश्न तेवढा सांगतो.