मसुदा वॉशिंग्टनचा, खोडाखोड शेजाऱ्यांची



दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्याकडून यशाची गुरुकिल्ली मागायची पद्धत आहे. माझ्याकडे ती नाही. उभी हयात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवण्यात गेली, तेव्हा आजही वर्गातलंच काहीतरी सांगतो. अमेरिकेने आपल्या दक्षिणेकडच्या देशांशी दोनशे वर्षं कसं वागायचं ठरवलं आणि ते ठरवणं कसकसं बदलत गेलं, हा आजचा विषय. मुद्दाम लांबचा निवडला आहे. आपल्या शेजाराबद्दल बोलायला लागलं की दहा मिनिटांत सभागृहात दोन तट पडतात. मेक्सिको आणि पनामाबद्दल अजून तरी आपल्याकडे कोणी कोणाशी अबोला धरलेला नाही.

पाठ्यपुस्तकांत हा इतिहास राष्ट्राध्यक्षांच्या नावांनी शिकवला जातो. मन्रो, मग थिओडोर रुझवेल्ट, मग फ्रँकलिन रुझवेल्ट, केनेडी, कार्टर, रेगन. वाचणाऱ्याला वाटतं, व्हाइट हाउसमधला माणूस बदलला की धोरण बदललं. माझं मत वेगळं आहे. बदलाची तारीख वॉशिंग्टनची असते हे खरं, पण कारण बहुतेक वेळा काही वर्षं आधी शेजारच्या देशात घडून गेलेलं असतं. बड्या राष्ट्राचं शेजारधोरण बडं राष्ट्र एकट्याने लिहीत नाही.

सुरुवात २ डिसेंबर १८२३ ची. राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांनी काँग्रेसला पाठवलेल्या वार्षिक संदेशात काही परिच्छेद घातले: युरोपीय सत्तांनी या गोलार्धात यापुढे वसाहती करू नयेत, इथल्या स्वतंत्र झालेल्या देशांत ढवळाढवळ करू नये. मजकुरामागचं डोकं परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांचं. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी संयुक्त निवेदनाचा प्रस्ताव दिला होता, तो अ‍ॅडम्सनी नाकारला. बोलायचं तर स्वतःच्या तोंडाने. पण हे बजावायला लागणारं आरमार अमेरिकेकडे नव्हतंच. युरोपातल्या इतर राजांना धाक होता तो ब्रिटिश आरमाराचा. दहाच वर्षांनी, १८३३ मध्ये, खुद्द ब्रिटनने फॉकलंड बेटं ताब्यात घेतली आणि वॉशिंग्टन गप्प बसलं. युरोपने काय करू नये हे त्या संदेशात होतं. अमेरिका स्वतः काय करणार नाही, यावर अवाक्षर नव्हतं. त्याचा अर्थ मेक्सिकोला १८४८ मध्ये कळला. युद्ध हरल्यावर ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहात कॅलिफोर्नियासह प्रचंड मुलूख गेला. आधीच हातचं गेलेलं टेक्सास धरलं तर जवळजवळ निम्मा देश. मोबदला दीड कोटी डॉलर.

आता एका अर्जेंटिनी गृहस्थांची ओळख करून देतो, कारण धडे पाडणाऱ्यांनी त्यांना तळटिपेत टाकलं आहे. १९०२ च्या डिसेंबरात कर्ज थकवलं म्हणून ब्रिटन, जर्मनी आणि इटलीच्या युद्धनौकांनी व्हेनेझुएलाची नाकेबंदी केली. अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री लुईस मारिया द्रागो यांनी वॉशिंग्टनला खलिता धाडला. त्याचा आशय असा की सरकारी कर्जाची वसुली तोफांनी करता येणार नाही, हा नियम व्हावा. थिओडोर रुझवेल्ट यांनी १९०४ मध्ये दिलेलं उत्तर मोठं मासलेवाईक होतं. युरोपने वसुलीला येऊ नये हे बरोबर. तेव्हा शेजाऱ्यांनी बेशिस्त केली तर ती निस्तरायला आम्हीच जाऊ. सावकार नको म्हणून तक्रार केली, तर पाटलाने वसुलीचा मक्ता स्वतःकडे घेतला! १९०५ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाची जकातनाकी अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती गेली. वसुलीतले ५५ टक्के धनकोंना, ४५ टक्के त्या देशाच्या सरकारला. पुढे निकाराग्वा, हैती, पुन्हा डॉमिनिकन प्रजासत्ताक, सगळीकडे अमेरिकी मरीन उतरले. हैतीत ते १९१५ पासून १९३४ पर्यंत राहिले. मरीन उतरण्याच्या आदल्या वर्षी हैतीच्या बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं युद्धनौकेवर चढवून न्यूयॉर्कला नेण्यात आलं होतं.

यानंतरच्या एका माणसाशी मी जरा थांबणार आहे. जोसेफस डॅनियल्स. नॉर्थ कॅरोलायनातले वृत्तपत्रमालक, वुड्रो विल्सन यांचे नौदलमंत्री. १९१४ च्या एप्रिलमध्ये ताम्पिको बंदरात मेक्सिकन सैनिकांनी काही अमेरिकी खलाशांना थोडा वेळ अटकेत ठेवलं. माफी मिळाली, पण एकवीस तोफांची सलामी मिळाली नाही. या मानापमानानंतर काही दिवसांतच व्हेराक्रुझ शहरावर अमेरिकी नौदल उतरलं. नाविक विद्यालयातली पोरं बंदुका घेऊन लढली. मेक्सिकोचे शेकडो लोक मेले. तेव्हा नौदल डॅनियल्स यांच्या हाताखाली, आणि त्यांचा सहायक मंत्री होता फ्रँकलिन रुझवेल्ट नावाचा तरुण.

१९३३ मध्ये हाच सहायक राष्ट्राध्यक्ष झाला, ‘चांगला शेजारी’ होण्याची भाषा बोलू लागला आणि त्याने आपल्या या जुन्या साहेबांना राजदूत म्हणून पाठवलं ते मेक्सिकोलाच. बातमी कळताच मेक्सिको शहरात अमेरिकी वकिलातीवर दगड पडले. पडणारच. पाच वर्षांनी, १८ मार्च १९३८ ला, राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी रेडिओवरून जाहीर केलं की परदेशी कंपन्यांचा तेल उद्योग आता देशाच्या मालकीचा. जुन्या रिवाजाने दुसऱ्या आठवड्यात मरीन दिसायला हवे होते. तेलकंपन्या तर आकाशपाताळ एक करत होत्या. पण डॅनियल्स यांनी आपल्याच परराष्ट्रमंत्र्यांच्या, कॉर्डेल हल यांच्या कडक खलित्याची धार बोथट केली, आणि रुझवेल्ट यांनी ते चालवून घेतलं. इकडे मेक्सिको शहरातल्या बेयास आर्तेस या कलामंदिरासमोर बायकांची रांग लागली होती. कंपन्यांची भरपाई द्यायची तर देशाकडे पैसा हवा, म्हणून कोणी अंगठी आणली, कोणी जिवंत कोंबडी. त्या कोंबड्यांनी भरपाई होणार नव्हती हे उघड आहे. पण हे सरकार उलथवायला गेलो तर रस्त्यावर कोण उभं राहील, याचा हिशेब दूतावासाच्या खिडकीतून करता येत होता. १९४२ मध्ये अमेरिकी कंपन्यांची भरपाई सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर ठरली, कंपन्यांच्या मागणीपेक्षा कितीतरी कमी.

हे डॅनियल्स यांचं हृदयपरिवर्तन होतं का? त्यांच्यात काही बदललं असेलही. पण १९१४ आणि १९३८ या दोन तारखांच्या मध्ये काय झालं ते बघा. निकाराग्वाच्या डोंगरांत १९२७ पासून ऑगुस्तो सांदिनो मरीनना झुंजवत होता आणि त्यांना तो सापडला नाही. १९२८ च्या हवाना परिषदेत लॅटिन देशांनी हस्तक्षेपाचा विषय चारचौघांत काढला. मंदीत फौजा पोसणं परवडेना. अखेर डिसेंबर १९३३ मध्ये मोंतेविदेओच्या परिषदेत कोणत्याही राष्ट्राने दुसऱ्याच्या अंतर्गत किंवा बाह्य कारभारात हस्तक्षेप करू नये, या कलमावर हल यांनी सही केली. काही अटी राखून केली, पण केली. शिवाय १९३८ ला हिटलर डोक्यावर होता. दक्षिणेची सीमा नाराज ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. शेजाऱ्यांचा चिवटपणा आणि बड्या राष्ट्राची गरज एकाच वेळी आली, तेव्हा धोरण वळलं.

या मेक्सिकोत त्या काळी आपला एक माणूस होता, हे विदर्भाबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांनी मायदेशाची दारं बंद केल्यावर मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं. जमीन आणि तेल कोणाचं, यावर बड्या शेजाऱ्याशी चाललेली मेक्सिकोची झटापट या मराठी माणसाने शेतकऱ्यांमध्ये राहून पाहिली.

शीतयुद्ध आलं आणि मोंतेविदेओची सही बासनात गेली. ग्वातेमालात हाकोबो आर्बेन्स यांच्या सरकारने १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन घेतली. भरपाई देऊ केली ६,२७,५७२ डॉलर. हा आकडा सरकारने हवेतून काढला नव्हता. करासाठी कंपनीने स्वतः नोंदवलेल्या किमतीवरूनच तो काढला होता. कंपनीच्या वतीने मागणी आली दीड कोटीहून अधिकची. १९५४ मध्ये सीआयएने आर्बेन्स यांचं सरकार पाडलं. त्या देशात १९६० ते १९९६ यादवी चालली, सुमारे दोन लाख माणसं मेली वा बेपत्ता झाली. १९९९ मध्ये बिल क्लिंटन यांनी तिथे जाऊन खेद व्यक्त केला. क्युबा १९६१, सांतो दोमिंगो १९६५, चिली १९७३ ही याच वहीची पुढची पानं आहेत. ती तुम्ही ग्रंथालयात वाचाल.

त्याऐवजी मी पनामाकडे वळतो, कारण ती गोष्ट तुमच्या वयाच्या मुलांची आहे. १९०३ मध्ये पनामा स्वतंत्र झाला आणि पंधरा दिवसांत कालव्याच्या तहावर त्याच्या वतीने सही केली फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच माणसाने. दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेला कायमचा गेला. ९ जानेवारी १९६४ रोजी इन्स्तितुतो नासिओनाल या शाळेची सुमारे दोनशे मुलं आपला राष्ट्रध्वज घेऊन त्या पट्ट्यातल्या बाल्बोआ हायस्कूलकडे निघाली. अमेरिकी झेंड्याशेजारी आपलाही फडकवायचा, एवढीच मागणी. तिथे धक्काबुक्की झाली, त्यांचा झेंडा फाटला. त्यानंतर शहर पेटलं, वीसहून अधिक पनामावासी आणि चार अमेरिकी सैनिक मेले. पनामाने अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या तहाची बोलणी करायची तयारी जाहीर केली.

पुढे ओमार तोरिहोस या लष्करी सत्ताधीशाने धूर्त खेळी केली. मार्च १९७३ मध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा समितीच पनामा शहरात बोलावली. नव्या तहाची मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने तेरा मतं, त्यात भारताचंही. ब्रिटन तटस्थ. विरोधात एकटी अमेरिका, आणि तिला यजमानाच्या घरी बसून नकाराधिकार वापरावा लागला. १९७७ मध्ये कार्टर आणि तोरिहोस यांनी तहांवर सह्या केल्या. सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी, म्हणजे लागणाऱ्या दोन तृतीयांशापेक्षा एकाच मताने जास्त, ते पार पडले. ३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाच्या हाती आला. श्रेय कार्टरना मिळतं, आणि ते राजकीय धाडस होतंच. पण झेंडा घेऊन निघालेल्या मुलांशिवाय तो कागद त्यांच्या टेबलावर आलाच नसता.

ही चढती कमान आहे असं मात्र समजू नका. याच पनामावर १९८९ च्या डिसेंबरात अमेरिकी सैन्य चालून गेलं. १९८६ मध्ये अमेरिकेविरुद्धच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या बाजूने निकाल दिला, तो वॉशिंग्टनने मानला नाही. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी कोस्टा रिकाच्या ऑस्कर आरियास यांनी, रेगन सरकारला रुचत नसतानाही, मध्य अमेरिकेच्या पाच राष्ट्राध्यक्षांना शांतता करारावर एकत्र आणलं. ज्या देशाकडे सैन्यच नाही, त्याचा हा राष्ट्राध्यक्ष. २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी मन्रो सिद्धांताचं युग संपल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात पनामा कालवा परत घेण्याची भाषा केली. ग्वांतानामोच्या तळाचं भाडं म्हणून अमेरिका क्युबाला वर्षाला ४,०८५ डॉलरचा धनादेश देते. क्रांतीच्या वर्षीचा एक वगळता क्युबाने तो वटवलेला नाही. लहान शेजाऱ्याला जिंकता येत नसेल, पण मुकाट संमती न देणं त्याच्या हातात असतं, आणि तो ते सोडत नाही.

आता आपल्याकडे. दक्षिण आशियात मोठे आपण आहोत. काठमांडू, ढाका, कोलंबो, माले इथे आपल्या धोरणाचे धडे कदाचित आपल्या पंतप्रधानांच्या नावांनी पाडले जात नसतील. तुमच्यातले काही परराष्ट्र सेवेत जातील, काही वर्तमानपत्रांत, काही सीमेपलीकडे माल विकतील. तुम्हाला एक विनंती करतो. एका शेजारी देशाची भाषा वर्तमानपत्र वाचता येण्याइतकी शिका. नेपाळीची लिपी तर आपलीच आहे. तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. मग त्यांच्या शाळेतलं इतिहासाचं पुस्तक मागवा आणि आपल्यावरचा धडा पूर्ण वाचा. राग येईल. तरी पूर्ण वाचा, आणि मगच त्या देशावर पहिला लेख लिहा किंवा पहिली टिपणी वर पाठवा.