धरवत नाही म्हणणाऱ्या बाईला आधी काय द्यायचे?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून आलेले डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, सिस्टर आणि आशाताई,

या परिषदेची अध्यक्ष म्हणून माझे म्हणणे थेट मांडते. अतिक्रियाशील मूत्राशयाच्या रुग्णाला गोळीच्या आधी, निदान गोळीच्या बरोबरीने, सवयींचा उपचार मिळालाच पाहिजे. आपल्या दवाखान्यांत तो फार थोड्यांना मिळतो.

आपल्याकडची बाई हा त्रास दोन शब्दांत सांगते: ‘धरवत नाही.’ तेही सांगते कंबरदुखीचे सगळे बोलून झाल्यावर, उठता उठता. लघवीची अचानक, आवरता न येणारी घाई, दिवसातून आठ-दहा खेपा, रात्री उठावे लागणे आणि काहींचे मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होणे, असा हा आजार आहे. पुरुषांनाही तो होतो. पण ते प्रोस्टेटच्या निमित्ताने तरी डॉक्टरपर्यंत पोहोचतात. बाई मात्र घरात थांबते. गावातल्या सप्ताहात कीर्तनाला बसणे सोडते, माहूरला जायचे टाळते, लग्नाला नाही म्हणते. लोहा, अहमदपूर, चाकूर करत नांदेडहून लातूरला येणाऱ्या एसटीत बसायचे म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी तोडते. घरच्यांना वाटते, वय झाले. हे वयाचे भोग नाहीत, हा उपचाराने आटोक्यात येणारा आजार आहे. एवढे एक वाक्य जरी तिने आपल्या तोंडून ऐकले, तरी तिचा अर्धा भार उतरतो.

मूत्राशयात साधारण चारशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते. या आजारात थोडी भरताच त्याचा स्नायू आकुंचन पावू लागतो. घाई आली की माणूस धावतो, आणि धावण्याने ती आणखी वाढते. म्हणून पहिला धडा न धावण्याचा. घाई आली की जागीच थांबायचे, शक्य असेल तर खाली बसायचे. वारा सरताना रोखतो तसे खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळून सोडायचे, श्वास संथ ठेवायचा, मनात आकडे किंवा नाम घ्यायचे. घाई लाटेसारखी चढते आणि उतरते. ती उतरली की शांतपणे चालत मोरीकडे जायचे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले की मूत्राशयाचे आकुंचन ओसरते, हे त्यामागचे शास्त्र आहे. याच स्नायूंचे व्यायाम अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडले.

दुसरा धडा वेळेचा. आज दर तासाला जावे लागत असेल तर ठरवून तासाने जायचे. ते जमले की दर आठवड्याला पंधरा मिनिटे ते अर्धा तास वाढवत तीन-चार तासांपर्यंत न्यायचे. ‘निघताना एकदा जाऊन येते’ ही लागली नसताना जाण्याची सवय सोडायची. ब्रिटनची ‘नाइस’ संस्था हे प्रशिक्षण किमान सहा आठवडे द्यायला सांगते. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नका, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

इथे आपल्या भागातली एक अडचण मला मोकळेपणाने मांडायची आहे. शेतात खुरपणाऱ्या, कंधार-मुखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला आडोसा नसतो, म्हणून ती दिवसभर लघवी दाबून ठेवते. तिला आपण ‘थोडा वेळ धरा’ सांगितले तर ती म्हणेल, जन्मभर तेच केले. पण हे दोन वेगळे. एकात जागा नसल्याची सक्ती आहे. दुसऱ्यात मोरी जवळ असताना, न घाबरता, स्वतःच्या शरीरावर पुन्हा ताबा मिळवणे आहे. हा फरक समजावल्याशिवाय कागदावरचे वेळापत्रक तिच्या हाती देणे मला अन्यायाचे वाटते.

पाण्याचेही तसेच. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत 5 लाख लिटर आले. अशा जिल्ह्यात ‘भरपूर पाणी प्या’ हे तोंडी लावायचे वाक्य नाही, आणि मे महिन्यात ‘पाणी कमी प्या’ म्हणणे तर धोक्याचे. पाणी तोडल्याने लघवी दाट होते, जळजळ वाढते, मुतखड्याला निमित्त मिळते. तेव्हा दिवसभर थोडे थोडे प्यायचे, झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास कमी करायचे. चहा मात्र मोजायचा. दर पाहुण्यागणिक कप झाला की मूत्राशय ऐकत नाही. बद्धकोष्ठ आणि वजन यांकडेही पाहायचे.

हे सगळे मनाचे समाधान नव्हे. 1998 मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात 55 वर्षांवरील 197 स्त्रियांचा अभ्यास आला. सवयींच्या उपचाराने लघवी निसटण्याचे प्रसंग सुमारे 81 टक्क्यांनी घटले, ऑक्सिब्युटिनिनच्या गोळीने 69 टक्क्यांनी, नुसत्या दिखाऊ गोळीने 39 टक्क्यांनी. याच संशोधकांनी 2002 मध्ये स्नायूंचे आकुंचन दाखवणाऱ्या यंत्राच्या मदतीने शिकवणे आणि घरी पुस्तिका देऊन शिकवणे यांची तुलना केली, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे मुखेडच्या उपकेंद्रातही हे होऊ शकते. गोळ्या टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. पण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, वयस्करांच्या स्मरणावरही परिणाम होण्याची भीती असते.

कधी गेले आणि कधी निसटले याची तीन दिवसांची नोंद हा सवयींच्या उपचाराचा पाया आहे. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाच्या रेघा चालतील: गेल्याची उभी, निसटल्याची आडवी. अर्थात लघवीत रक्त, ताप, जळजळ, तुंबणे, पायांतला अशक्तपणा यांपैकी काही असेल, तर आधी तपासणी. साखर प्रत्येकाचीच पाहावी.

शेवटी दोन मागण्या. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ची चळवळ स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी लढते आहे. आपल्या तालुक्यांच्या बसस्थानकांवर, बाजारांत, ऊसतोडीच्या तळांवर स्वच्छ, कडी लागणारी, पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहे हवीत, असा ठराव या परिषदेने आज करावा आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा. दुसरी मागणी आपल्यालाच: चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला, ती कशासाठीही आलेली असो, ‘लघवी धरवते का?’ असे आपणहून विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तिच्यासाठी दहा मिनिटे काढा.