होकार कोणाला दिला होता?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आपल्या चळवळीतली पोस्टरं, कॅसेटी हातोहात फिरत आल्या. एका गटाने प्रत द्यायची, दुसऱ्याने त्यावरून आणखी दोन काढायच्या. टोरंटची रीत याहून फार वेगळी नाही. २००१ साली ब्रॅम कोहेन याने ती काढली. फाइलचे तुकडे होतात आणि घेणारी प्रत्येक जण मिळालेला तुकडा लगेच दुसरीला देऊ लागते. मोठा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागत नाही. आपल्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या गटांना हे सोयीचं, म्हणून आम्हीही केलं.

आणि चुकलो. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बायांच्या बैठकीचं ते ध्वनिमुद्रण होतं. 'दुसऱ्या बायांनाही ऐकवा' असं त्याच म्हणाल्या होत्या. आम्ही नावं कापली. पण एकीने बोलता बोलता मुलीच्या शाळेचं नाव घेतलं होतं, ते राहिलं. आठ दिवसांनी तिच्याच लक्षात आलं. आमच्या संगणकावरची फाइल पुसली, पण ज्यांच्याकडे पूर्ण प्रत पोचली होती त्यांच्याकडून ती पुढे जातच होती. दुरुस्त फाइल टाकली, तर तिच्या तुकड्यांची ओळखखूण, म्हणजे हॅश, वेगळी. त्यामुळे ती नवी फाइल ठरली आणि जुनी तशीच राहिली. ओळखीच्या गटांना फोन करकरून पुसायला लावली. बाकीच्यांचं काय? ती मला एवढंच म्हणाली, "ताई, मी होकार तुम्हाला दिला होता."

आता आमचा जास्त वेळ तयारीतच जातो. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, टाइप केलेल्या मजकुरात टाइप करणारीचं नाव. फाइलच्या नावातच गाव असतं, हे तर कुणी बघतच नाही! बोलणारीला सगळं पुन्हा ऐकवतो आणि 'हे परत घेता येणार नाही' असं स्पष्ट सांगतो. बलात्कारित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणं, कायद्यातले अपवाद सोडता, १९८३ पासून गुन्हा आहे. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७२.

टोरंट गुप्त असतं हा समजही काढून टाका. देणाऱ्या-घेणाऱ्या संगणकांचे आयपी पत्ते एकमेकांना दिसतात. म्हणून बायांची कथनं आम्ही आता पेन ड्राइव्हवर, ओळखीच्या हातीच देतो.

आपल्या कायद्याच्या पुस्तिका, आरोग्याचे तक्ते मात्र बिनधास्त टाका. टाकल्यावर निदान तीन-चार गटांनी संगणक चालू ठेवा. पूर्ण प्रत असलेला एकही चालू नसेल, तर मागणारीची फाइल अर्ध्यातच अडकू शकते.