घोड्याच्या घशातलं दार किती उघडायचं?

आज कोड नाही, फोन नाही. आज घोडा.

धावताना काही घोडे श्वास आत घेतात तेव्हा घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. इंग्रजीत अशा घोड्याला ‘रोअरर’ म्हणतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जिना चढून दमलो की आपण तोंड उघडून श्वास घेतो. घोड्याला ते जमतच नाही. त्याच्या टाळूचा मऊ भाग घशात असा बसलेला असतो की हवेची वाट फक्त नाकातून. त्यात चौखूर धावताना एका ढांगेला एकच श्वास. वाट अडली, तर दुसरी सोय नाही.

नाकातली हवा स्वरयंत्रातून श्वासनलिकेत जाते. तिथे कूर्चेच्या दोन फळ्या असतात, दाराच्या असतात तशा. धावताना त्या बाजूला सरतात, गिळताना मिटतात. बिघडते ती बहुतेक वेळा डावी फळी. का? तर तिची नस मेंदूकडून निघून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा घशाकडे वर येते. लांबी दोन मीटरहून जास्त! म्हणजे शेजारच्या टेबलापर्यंतची केबल तळमजल्यावरून फिरवून आणल्यासारखं. ही नस खराब होत जाते, फळी उघडणारा स्नायू वाळतो, आणि मग जोरात श्वास ओढला की फळीच आत ओढली जाते.

यावरचं गाजलेलं ऑपरेशन म्हणजे ‘टाय-बॅक’. 1970 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी ते मांडलं. वाळलेल्या स्नायूचं काम एका जाड टाक्याला द्यायचं आणि फळी मागे ओढून बांधायची. हल्ली बऱ्याचदा घोड्याला गुंगी देऊन, उभ्या उभ्याच हे करतात. नाकातून कॅमेरा आत असतो, त्यामुळे फळी किती उघडली ते तिथल्या तिथे दिसतं.

पण ही दुरुस्ती नाही हो, दाराला अडकण लावणं आहे! बांधलेली फळी गिळतानाही मिटत नाही. जास्त ओढली, तर चारा-पाणी श्वासनलिकेत जाऊन खोकला होतो, कधी न्यूमोनियाही. कमी ओढली, तर धावताना दम पुरत नाही. शिवाय टाका पुढे सैल पडू शकतो.

त्रास नुसत्या आवाजाचा असेल, तर फळी न बांधता लेझरने स्वरपट्टी काढूनही भागतं. मानेतली दुसरी नस त्या स्नायूत रुजवायचीही पद्धत आहे. पण तिला महिने लागतात, आणि रेसच्या धंद्याला तेवढा धीर नसतो.

मला खटकतं ते इथे. घोडा रेसमध्ये धावतो काही वर्षं, जगतो पंचवीस-तीस. टाका किती ओढायचा हे त्या काही वर्षांकडे बघून ठरतं, आणि नंतरचा प्रत्येक घास त्याला त्याच घशाने गिळायचा असतो. म्हणून ‘ऑपरेशननंतर जिंकला का?’ एवढंच विचारू नका. ‘नीट खातोय का?’ हेही विचारा.

तुम्हाला काय वाटतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!