शिवाराची धग आणि उपग्रहाची नजर



दुष्काळ म्हटला की मराठी मनापुढे 1972 साल उभे राहते. नव्या पिढीला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली आगगाडी आठवते. पण आगगाडीने पाणी न्यावे लागते, तेव्हा दुष्काळ चांगलाच जुना झालेला असतो. त्याचा जन्म होतो ऑगस्टमध्ये, पावसाने ओढ दिल्यावर, आणि तोही गाजावाजा न करता. सोयाबीनची पाने दुपारी माना टाकतात, पहाटेपर्यंत पुन्हा सावरतात. शेतकऱ्याला तेवढ्यावरून सारे उमगते. शासनाला ते कसे उमगावे?

जुने उत्तर पैसेवारीचे. गावाची पैसेवारी 50 पैशांहून कमी आली, की टंचाई मान्य. ही पद्धत पीक गेल्याचा पंचनामा करते. पीक जात असताना मात्र मूग गिळून बसते. ही उणीव भरून काढण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने 1989 पासून खरिपावर उपग्रहातून लक्ष ठेवण्यास प्रारंभ केला. पुढे, 2012 साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राकडे हे काम आले.

उपग्रह नेमके काय पाहतो? हिरवे पान अन्न तयार करण्यासाठी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवून लावते. या दोन परावर्तनांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले, की हिरवाईचा अंक मिळतो. त्यालाच ‘एनडीव्हीआय’ म्हणतात. झाडोरा दाट व सतेज असेल तर अंक चढतो, विरळ वा रोगट असेल तर उतरतो.

मात्र हिरवाई हा सावकाश बोलणारा साक्षीदार आहे. पाणी तुटले म्हणून पान त्याच दिवशी पिवळे पडत नाही. ते आधी आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेते. उन्हाळ्यातला माठ आठवावा. तो पाझरतो म्हणून पाणी गार राहते. त्याला बाहेरून तेलकट रंग फासला, तर माठ माठ उरत नाही. पानाचेही तसेच. बाष्प बाहेर पडणे थांबले, की पान हिरवेच राहून तापू लागते. ही धग उपग्रहावरील औष्णिक संवेदक टिपतो. 2002 साली सोडलेला ‘अ‍ॅक्वा’ उपग्रह वर्षानुवर्षे दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे पीक खरोखर कासावीस झालेले असताना, डोक्यावरून जात असे. हे भूपृष्ठाचे तापमान होय. वेधशाळा सांगते ते हवेचे तापमान निराळे.

हिरवाई घटलेली आणि धग वाढलेली, या दोन खुणा एकत्र वाचण्याची पद्धत फेलिक्स कोगन या अमेरिकेतील शास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात रूढ केली. तुलना करायची ती त्याच ठिकाणच्या, त्याच आठवड्याच्या मागील वर्षांशी. हे आवश्यकच होते. अन्यथा पेरणीपूर्वीची उघडी काळी जमीन दरवर्षी जूनमध्ये दुष्काळग्रस्त ठरली असती!

तथापि हे सूत्र डोळे मिटून सर्वत्र लावता येत नाही. कार्नियेली व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये उत्तर अमेरिकेविषयी प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. जिथे पाण्याची वानवा, तिथे हिरवाई वाढली की तापमान उतरते. पण थंड उत्तरेकडे वनस्पतींना उणीव असते ती उबेची. तिथे तापमान आणि हिरवाई हातात हात घालून वाढतात. तेथील उष्ण आठवड्याला दुष्काळ म्हणणे चुकीचे ठरेल. मराठवाड्याला पहिला नियम लागू पडतो.

आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या. ऐन खरिपात ढग या दोन्ही संवेदकांची दृष्टी अडवतात. दुसरी अडचण उसाची. कालव्याच्या वा विहिरीच्या पाण्यावरचा ऊस अवर्षणातही हिरवा आणि थंड राहतो. शेजारची कोरडवाहू तूर करपत असली तरी तालुक्याची सरासरी त्या उसामुळे सुधारू शकते. सरासरीला पाणी कोणाच्या मालकीचे, हे ठाऊक नसते. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनुसार पर्जन्य, वनस्पती, मृदेतील ओलावा व जलसाठे यांच्या निर्देशांकांवर तालुक्याचा निर्णय होतो. त्यानंतर 10 टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. याच चौकटीत ऑक्टोबर 2018 अखेर महाराष्ट्रातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तालुका यादीत आला तरच शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती. कोरडवाहू घराच्या दृष्टीने त्या सरासरीचे मोल एवढे आहे.

म्हणून प्रश्न बारकाव्याचा आहे. ‘अ‍ॅक्वा’च्या तापमान-नकाशातील एक ठिपका एक किलोमीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे जवळजवळ 250 एकरांचा. त्यात ऊस, तूर, पडीक रान आणि गावठाण सारेच मिसळते. भारत आणि फ्रान्स यांच्या अंतराळसंस्थांनी आखलेल्या संयुक्त मोहिमेचे नावच ‘तृष्णा’ आहे. कोणी सुचवले असेल त्याला दाद द्यावी. तिचा औष्णिक ठिपका सुमारे 60 मीटरचा असेल, म्हणजे साधारण 36 गुंठ्यांचा. एवढ्या तुकड्यात उसाचे शेत आणि तुरीचे शेत बहुतांशी वेगवेगळे मोजता येईल.